माणशी किती रोडगे?

उत्तर आलं — उणे दोन तास.

म्हणजे नळ उघडायच्या दोन तास आधीच टाकी भरलेली होती. आणि माझ्या शेजारच्या सीटवरच्या मुलाला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं! त्याने उत्तराखाली दोन रेघा मारल्या, पेनाला टोपण लावलं आणि समाधानाने खिडकीबाहेर पाहिलं.

बस मूर्तिजापूरच्या स्टँडवर उभी होती. ऑगस्ट संपत आला होता. अकोल्याहून निघताना नुसती भुरभुर होती, आता चांगली सर आली होती, आणि ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले होते. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. तिच्यातून थेंब थेंब पाणी त्याच्या सराव-पुस्तकावर पडत होतं, ते तो बाहीने पुसत होता... आणि मी त्या 'उणे दोन'कडे पाहत होते.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. अमरावतीत एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये अंकगणित शिकवते. रविवार अकोल्याला आईबाबांकडे काढायचा आणि सोमवारी सकाळच्या बसने परतायचं, असा माझा क्रम. समोरच्याच्या खांद्यावर झुरळ दिसलं तर लोकांना जसं गप्प बसवत नाही, तसं मला चुकलेल्या उत्तरापुढे बसवत नाही.

"अहो," मी म्हटलं, "टाकी उणे दोन तासांत कशी भरेल?"

तो वळला. त्याच्या भुवईवर पावसाचा एक थेंब थांबला होता, खाली यायचं की नाही ते न ठरवता.

"भरली ना," तो म्हणाला. "पयला नळ चार तास, दुसरा सहा. झाले दहा. खालच्या नळाचे बारा त्यातून काढले."

"तास नाही काढायचे. एका तासातलं काम काढायचं. द्या इकडे." मी पेन जवळजवळ हिसकावलंच. "आधी दिलेलं काय ते लिहा. मग काढायचं काय. पहिला नळ तासात टाकीचा एक चतुर्थांश भाग भरतो, दुसरा एक षष्ठांश. खालचा एक द्वादशांश रिकामा करतो. बारावर आणा. तीन अधिक दोन वजा एक — चार. चार छेद बारा म्हणजे तासाला एक तृतीयांश. टाकी तीन तासांत भरणार. आता ताळा करून बघा."

त्याने ताळा केला. हळू, ओठ हलवत. मग मान वर केली.

"मॅडम, एक इचारू? वरून दोन नळ सोडले, तं खालचा उघडा काहून ठेवला?"

"ते प्रश्नात दिलंय."

"दिलं हो. पण ठेवला काहून? घरात कोणी माणूस नाई का बंद करायले? आमच्या गावात आठ दिवसांनी नळ येते. असा उघडा सोडला तं आई मले जित्ता नाई ठेवत."

मी हसले नाही. म्हणजे, हसू आलं, पण ते मी खिडकीकडे वळवलं.

"तुमी शिकवता कुठी?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. पेन परत दिलं. बडनेऱ्यापर्यंत मी इतकी समोर पाहत बसले होते, की तो थेंब केव्हा पडला तेही मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर होता. नाव किशोर. मूर्तिजापूरजवळच्या गावचा, अकोल्याहून कृषी पदवी घेतलेला. डिसेंबरात कृषी सहायकाची परीक्षा द्यायची होती. मातीपासून मान्सूनपर्यंत सगळं येत होतं, फक्त शाब्दिक उदाहरणांत बुडत होता. कारण माझ्या लवकरच लक्षात आलं. त्याला आकडे कळत होते. पण तो माणसांत अडकायचा.

"अ हे काम बारा दिवसांत करतो, ब चोवीस दिवसांत," मी फळ्यावर लिहायचे. "दोघं मिळून किती दिवसांत करतील?"

मागून हात वर.

"बोला किशोर."

"मॅडम, दोघायचं पटते का?"

वर्ग हशाने फुटायचा.

"पटतं असं धरा!"

"नाई, पटत असन तं गोष्टी करत बसतीन. नसन पटत तं भांडतीन. आठ दिवसांत कसं होईन?"

"आठ बरोबर आहे," मी चमकून म्हटलं. "काढलं कसं?"

"तुमी शिकवलं तसं. पण मले पटलं नाई."

मी चिडले की माझं पुस्तकी मराठी सुटतं. त्या दिवशी तेच झालं. "तुमाले पटाले पायजे असं कोनं सांगतलं? उत्तर लिवा अन् पुढं चाला!"

तो एवढा खूश झाला, की जणू मीच परीक्षा पास झाले होते. "आता कशा बोलल्या मॅडम! अकोल्यावानी!"

हळूहळू वर्ग सुटल्यावर राजकमल चौकापर्यंत चालत जाणं सुरू झालं. शंका विचारायला, असं तो म्हणायचा. शंका मात्र रोज तिथे पोचायच्या आत संपायच्या आणि आम्ही तरी चालतच राहायचो. ऑक्टोबरात एकदा ताकात बुडवलेल्या गिला वड्याच्या गाडीपुढे उभं राहून त्याने खिशातून कागद काढला.

"मी एक उदाहरण तयार केलं. सोडवा."

*एका मुलाचे वय एका मुलीच्या वयापेक्षा दोन वर्षांनी जास्त आहे. पाच वर्षांपूर्वी दोघांच्या वयांची बेरीज चाळीस होती. तर मुलीचे आजचे वय किती?*

मी तोंडीच सोडवलं. पाच-पाच वर्षं दोघांची, चाळीसमध्ये दहा मिळवले, आजची बेरीज पन्नास. दोन काढले, अठ्ठेचाळीस. अर्धे केले.

"चोवीस," म्हटलं. चोवीस वर्षांची तर मी होते. "मुलगा... सव्वीसचा?"

"मुलाचं काढायले सांगतलंच नाई, मॅडम," तो वड्याच्या द्रोणात पाहत म्हणाला. "जे इचारलं तेवढंच लिवा. तुमीच म्हनता."

माझ्या द्रोणातलं ताक उगाच डचमळलं.

तिथेच मी एक निरीक्षण केलं होतं. गाडीवाल्याने "किती?" विचारलं की किशोर म्हणायचा "एक", आणि खायचा दोन. त्याचे खोलीतले मित्र आले, तेही "दोन" म्हणाले आणि चार-चार खाऊन गेले. लाजेने सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांचं गुणोत्तर बहुतेक वेळा दोन येत होतं. मी त्याला 'संकोच-गुणक' असं नाव दिलं. कुणाला सांगितलं नाही.

परीक्षा झाली. त्याला ती बरी गेली. त्यामुळे आता वर्गात यायचं काही कारण नव्हतं, तरी तो जानेवारीत एका संध्याकाळी क्लासच्या जिन्यात उभा होता.

"मॅडम, एक खरं गणित आहे. घरचं."

"दिलेलं काय?"

"मागच्या साली आमी वावरात रोडगे केले. पंगत बसली अन् अर्ध्यातच रोडगे सरले. गाववाले अजून म्हनतात, भगवंतरावच्या रोडग्याले जायचं तं घरून जेवून जा." भगवंतराव म्हणजे त्याचे वडील, आणि रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, भाजलेले कणकेचे गोळे. "आईले ते लय लागलं. यंदा सरले नाई पायजे."

"काढायचं काय?"

"कनिक किती मळायची." तो थांबला. जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडू लागला. "अन् एक आहे... रोडगे झाले का दुसऱ्या दिवशी आई मले घेऊन दर्यापूरले जाणार हाये. मुलगी पायले."

मी खांद्यावरची पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. कशासाठी, माहीत नाही.

"मग?"

"मंग मी आईले म्हटलं, कनकेचं एका मॅडमले इचारतो. आई म्हने, कोन मॅडम? म्हटलं, गणिताच्या. तं म्हने, गणिताचं नाव काढलं का तुह्या अंगावर काटा याचा, आता कान काहून लाल झाले? त्या मॅडमले रोडग्याले घेऊन ये. पाहून घेतो मी, मंग दर्यापूरचं ठरवतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी... म्हटलं, आनतो."

एवढंच. या मुलाला आठ दिवसांत काम कसं होईल याची खात्री हवी असायची, आणि माझ्याबद्दल बोलायचं तर एका शब्दात आटोपलं होतं! पण मला दर्यापूर रद्द व्हायला हवं होतं. फार हवं होतं. म्हणून मी मला येत होतं ते केलं. गणित.

"पाहुणे?"

"नव्वद."

"एक किलोत रोडगे?"

"बारा."

"माणशी किती खातात?"

"ते कसं सांगू? कोनी किती, कोनी किती."

"मग उदाहरण अपुरं आहे. जा आणि प्रत्येकाला विचारून या. अंदाज नको, माहिती हवी."

"बरं," तो म्हणाला आणि गेला. पहिल्यांदाच त्याने उलट प्रश्न विचारला नव्हता. तिथेच मला संशय यायला हवा होता.

तीन दिवसांनी फोनवर माहिती आली. घरोघरी जाऊन, कुटुंबप्रमुखाला विचारून. दोन. दोन. दोन. एक. दोन. दोन... त्याचे चुलते पंजाबराव — दोन. मी खूश झाले. संकोच-गुणक लावला, माणशी चार धरले. नव्वद गुणिले चार, तीनशे साठ. भागिले बारा. तीस किलो कणीक. उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

रविवारी मूर्तिजापूरला उतरले तेव्हा किशोर मोटारसायकल घेऊन उभा होता. मी मोरपंखी ड्रेस घातला होता. त्याने पाहिला, तोंड उघडलं, मिटलं.

"काय झालं?"

"पाव्हणे नाई येऊन राहिले, मॅडम."

"कोणते?"

"कोनतेच."

गाडीवर मागे बसून मी ऐकत गेले. दोन्ही बाजूंनी तुरीची कापलेली वावरं, हवेत धुराचा वास, आणि वाऱ्यावर तुटत येणारी त्याची वाक्यं. गावात बोभाटा झाला होता... मागच्या साली सरले, म्हनून भगवंतराव यंदा मोजून वाढणार. जेवायच्या आधी पोट्टा पाठवून पोट मोजलं. पंजाबराव काका चावडीवर म्हणाले, आमाले आमच्या घरी भाकर आहे. सगळ्या गावाने मान डोलावली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही, की असं विचारत नसतात?"

"तुमी सांगतलं होतं ना..." तो वाऱ्यात म्हणाला. "मले वाटलं, तुमाले माहीत असन."

वावरात गोवऱ्यांचे लांब आर रसरसत होते. राखेखाली रोडगे खरपूस भाजत होते, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती, तुपाचा डबा उघडून ठेवला होता. सतरंज्या अंथरल्या होत्या. सतरंजीवर एक कुत्रं बसलं होतं.

किशोरची आई, आशाबाई, आरापाशी उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात लांब चिमटा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि मग उलट.

"तूच का? घरोघरी पोट्टा पाठवून पाव्हण्यायचं पोट मोजनारी?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

"अन् आता?"

आता काय? दिलेलं — तीनशे साठ रोडगे, एक कुत्रं. काढायचं — नव्वद माणसं.

"आता मी जाऊन येते, आई."

आई! जीभ चावली. आशाबाईंच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. "काकू," मी सुधारलं, पण तोवर किशोर मोटारसायकलला किक मारताना पडला होता.

पंजाबराव अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरीचे, भरदार मिशांचे. वारा वावराकडून गावाकडे वाहत होता आणि भाजलेल्या रोडग्यांचा वास थेट त्यांच्या अंगणात उतरत होता.

"आमी जेवलो," माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले.

"केव्हा जेवले?" आतून त्यांच्या बायकोचा, सुंदराबाई काकूंचा, आवाज आला. "कालपासून पोट रिकामं ठेवून राहिले रोडग्यासाठी! सकायपासून चूल पेटवू नाई देल्ली!"

"तू चूप राय वं!"

"काका," मी म्हटलं, "चूक किशोरची नाही, माझी आहे. मी अकोल्यात वाढले. मला वाटलं, जेवणाऱ्याला विचारलं की उत्तर मिळतं."

"पाव्हण्याले कोनी इचारते का, किती खाशीन?" ते आता वळले. "वाढणाऱ्यानं वाढत राहावं, खाणाऱ्यानं नाई-नाई म्हनावं. अशी असते पंगत. पोट्टा कागद-पेन घेऊन दारात उभा! मानूस काय सांगन त्याले?"

"तुम्ही दोन सांगितलंत."

"मंग काय दहा सांगू?"

"दोन!" आतून काकू हसल्या. "दोन तं यायले चाखायलेच लागतात!"

"म्हणूनच मी तुमचं उत्तर धरलं नाही, काका," मी म्हटलं. खरं बोलण्याशिवाय काही सुचत नव्हतं. "सगळ्यांनी लाजून सांगितलं असणार, म्हणून दुप्पट धरलं. मोजून वाढायला नव्हे. कुणाला कमी पडू नये म्हणून."

पंजाबरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"दुप्पट म्हंजे?"

"चार."

"माहे चार धरले?"

"चार."

मग त्यांनी मान मागे वळवली. आवाजात खरी, खोल जखम होती.

"आयकलं का वं? माहे चार धरले!"

"आयकलं."

"टोपी आन माही." ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि रस्त्यात जाऊन मोठ्यांदा ओरडले, "निंघा बे सगळे! या पोरीचं गणित चुकवाले जायचं हाये!"

आणि गाव निघालं. घराघरांतून टोप्या, पदर, लोटे बाहेर आले. मी किशोरकडे पाहिलं. तो हसत होता. मी हसत नव्हते. मला एकदम कळलं होतं, की मी काय करून बसलेय. ज्यांचं मोजमाप करायचं, त्यांनाच मी आकडा सांगून टाकला होता! संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे करत नाही. आता नव्वद माणसं भुकेसाठी नव्हे, मला चुकवण्यासाठी जेवणार होती. आणि रोडगे यंदाही सरले, तर दर्यापूर पक्कं.

पंगत बसली. आशाबाईंनी तुपाचं भांडं माझ्या हातात दिलं. "वाढ. अन् मोजशीन नको."

मी वाढत गेले. पंजाबरावांनी पहिला रोडगा फोडून वरणात कुस्करला, तुपाची धार मागितली. मग दुसरा. चौथ्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. पाचव्याला सगळ्या ओळीने टाळ्या वाजवल्या. भगवंतराव टोपली घेऊन फिरत होते. टोपली आरापाशी जायची, भरून यायची, जायची... आणि मग एकदा अर्धीच भरून आली. किशोरने माझ्याकडे पाहिलं. आता तोही हसत नव्हता.

"अजून आना!" पंजाबराव ओरडले.

मी आशाबाईंकडे धावले. "काकू, आर रिकामा झाला..."

त्या शांतपणे बांधाच्या पलीकडे गेल्या. तिथे आणखी एक आर होता, राखेने पुरता झाकलेला. चिमट्याने राख बाजूला केली. खाली तांबूस, फुटलेले, वाफाळते रोडगे ओळीने पडले होते.

"तुह्या तीस किलोवर मी दहा किलो टाकले," त्या म्हणाल्या.

"माझ्या गणितावर भरवसा नव्हता?"

"गणितावर होता. पंजाबरावावर नोयता."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मी ओढणीत रोडगे घ्यायला लागले, हात भाजत होते तरी, आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "अवं, ते टोपलं घे! चांगला ड्रेस नास करतं!"

पंजाबराव शेवटी हरले. पत्रावळीवर दोन्ही तळहात आडवे धरून त्यांनी डोळे मिटले. "बस बाई. बस. मेलो."

"अजून एक घ्या ना भाऊजी," आशाबाई म्हणाल्या.

"नाई."

"अर्धा?"

"नाई हो!"

टोपलीत रोडगे शिल्लक होते. सगळ्या पंगतीने ते पाहिलं, आणि आशाबाईंनी पंगतीला ते नीट पाहू दिलं. मग त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळून, जसं मीठ मागावं तशा स्वरात म्हणाल्या, "पुढच्या रविवारी तुह्या आईबापाले घेऊन ये. दर्यापूरले मी नाई म्हनून कळवतो."

माझ्या हातातलं तूप थांबलं.

"आई," किशोर मागून पुटपुटला, "थांब ना... मी अजून इचारलंच नाई त्यायले."

"काय?" आशाबाईंचा आवाज बांधापार गेला. "घरोघरी जाऊन रोडगे इचारले, अन् हे नाई इचारलं? मंग इचार! मी कुठी तोंड दाबलं तुहं?"

"इथंच?"

"इथंच," पंजाबराव डोळे न उघडता म्हणाले. "आमी उठू शकत नाई."

नव्वद माणसं खरकट्या हातांनी बसून वाट पाहू लागली. किशोर पुढे आला. कान लाल. हातात रिकामं टोपलं, ते कुठे ठेवावं कळेना म्हणून पोटाशी धरलेलं.

"मॅडम..."

"अबे, मॅडम काय म्हनतं! नाव नाई का पोरीले?" पंगतीतून आवाज आला.

पाच महिन्यांत त्याने माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

"ज्योत्स्ना," तो म्हणाला, इतक्या सावकाश, की जणू ते नाव पहिल्यांदा तोच ठेवत होता. "मले... तू बसमध्ये पेन हिसकावलं तवापासून... माह्यासंगं लग्न करशीन का?"

मला किती तरी म्हणता आलं असतं. की इतके दिवस लावले? की दर्यापूरपर्यंत जायची वेळ आणली? पण धुराने डोळ्यांत पाणी येत होतं, आणि सगळं गाव ऐकत होतं.

"हाव," मी म्हटलं. पुस्तकी 'हो' सुचलंच नाही.

मग पंजाबरावांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, किशोरकडे पाहिलं, आणि पत्रावळीवरचे दोन्ही हात उचलले.

"मंग वाढ एक," ते म्हणाले. "अन् तूप सोड जरा."